तुकडा पाठवलाय, रिपोर्ट यायचाय

पॅपचा (गर्भपिशवीच्या तोंडाच्या पेशींची तपासणी) किंवा एचपीव्हीचा (तिथल्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूची तपासणी) रिपोर्ट "नॉर्मल नाही" म्हणून हातात पडतो. मग दुर्बिणीतून तपासणी (कॉल्पोस्कोपी) होते, पिशवीच्या तोंडाचा तुकडा घेतात आणि "आठ-दहा दिवसांनी या" म्हणून घरी पाठवतात. त्या आठ-दहा दिवसांत त्या बाईशी कुणी धड बोलत नाही. म्हणून हे काम रोज करणाऱ्यांना या धाग्यावर बोलावलं आहे. स्वतःची कहाणी नको. समोर बसलेल्या बाईला तुम्ही जे सांगता तेच लिहा, आकड्यांसकट.

सिस्टर, कॉल्पोस्कोपी ओपीडी

ज्यांची तपासणी अजून व्हायची आहे त्यांच्यासाठी आधी. आदल्या 24 तासांत योनीत गोळी किंवा मलम ठेवू नका, आतून धुऊ नका, संबंध ठेवू नका. पेशींचा वरचा थर खरवडला गेला किंवा मलमाखाली झाकला गेला की दिसायचं ते दिसत नाही आणि पुन्हा यावं लागतं. पाळी जोरात चालू असेल तर फोन करून तारीख पुढे घ्या. मात्र पाळी गेल्यावर, संबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जात असेल तर तारीख पुढे ढकलायची नाही. ते रक्त कुठून येतंय हेच तर बघायचं असतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका.

टेबलावर 10 ते 15 मिनिटं जातात. 3 ते 5 टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड कापसाने लावून मिनिटभर थांबतात, थोडं चुरचुरतं. बदललेल्या पेशींची जागा उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी दिसायला लागते. नंतर आयोडीन लावतात. निरोगी जागा गडद तपकिरी होते, कारण त्या पेशींत ग्लायकोजेन साठलेलं असतं. बदललेली जागा पिवळी राहते. टेबलावर पडल्या पडल्या "पांढरं दिसतंय" हे शब्द कानावर पडतात आणि बाई तिथेच खचते. ताई, सूज असली, जखम भरत असली तरी पांढरं दिसतं. नुसत्या पांढऱ्यावरून कॅन्सर ठरत नाही, म्हणूनच तुकडा घ्यावा लागतो.

तुकडा तिळाएवढा असतो, 2 ते 3 मिलिमीटर. घेताना चिमटा बसल्यासारखं होतं, ओटीपोटात पाळीसारखी कळ येते. रक्त थांबावं म्हणून मॉन्सेलचं द्रावण लावतात. दुसऱ्या दिवशी पॅडवर काळपट, कॉफीच्या ओल्या चोथ्यासारखं काहीतरी पडतं आणि घाबरून फोन येतात. ते औषध आहे आणि जुनं रक्त आहे, आतलं काही सडून पडत नाहीये. डाग दोन ते पाच दिवस राहतात. पॅडच वापरा. टॅम्पॉन, कप आणि संबंध आठवडाभर नकोत. अंघोळ, स्वयंपाक, कामावर जाणं दुसऱ्या दिवसापासून चालतं.

थांबायचं नाही असं कधी: तासाला एक पॅड भिजतंय आणि सलग दोन तास तसंच चाललंय, 100.4 च्या वर ताप, घाण वासाचं पाणी, किंवा गोळीने न थांबणारी पोटदुखी. तेव्हा रात्र असली तरी कॅज्युअल्टीत या.

टेक्निशियन, हिस्टोपॅथॉलॉजी लॅब

"एवढासा तुकडा, त्याला दहा दिवस कशाला?" हे रोज खिडकीवर ऐकू येतं. तो कुठे असतो ते सांगतो.

तुकडा 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये येतो. लहान तुकड्यालाही मुरायला निदान सहा-आठ तास लागतात. मग रात्रभर मशीनमध्ये: चढत्या टक्क्यांचं अल्कोहोल पाणी काढून घेतं, झायलीन अल्कोहोल काढतं आणि शेवटी वितळलेलं पॅराफिन आत शिरतं. सकाळी त्याचा मेणाचा ठोकळा करतात, त्याला ब्लॉक म्हणतात. ब्लॉकचे 3 ते 5 मायक्रॉन जाडीचे काप काढून, काचेवर घेऊन, जांभळा आणि गुलाबी रंग देतात. त्यानंतर पॅथॉलॉजिस्ट बघतात. सगळं सुरळीत झालं तरी तीन-चार कामाचे दिवस गेले. मध्ये रविवार आला, सण आला की ते वाढतात.

डॉक्टरांना शंका राहिली तर ब्लॉक आणखी खोल कापायला सांगतात किंवा पी16 नावाचा खास रंग लावतात. त्यात आणखी काही दिवस. उशीर झाला म्हणजे वाईटच निघालं असं समजू नका. पुष्कळदा उलट असतं: उघड कॅन्सर पहिल्या काचेवरच दिसतो, वेळ लागतो तो सीमेवरच्या तुकड्याला.

बिघडतं कुठे? बाटलीत फॉर्मॅलिनऐवजी सलाइन किंवा पाणी. तुकड्याच्या दहापट तरी द्रव हवा, तो कमी. बाटलीवर माहेरचं नाव आणि फॉर्मवर सासरचं. तुकडा वरवरचा, खालचा थर आलाच नाही. मग पेशी खाली उतरल्यात का ते सांगता येत नाही आणि रिपोर्टवर "अपुरा नमुना" येतो. तुकडा तुम्हालाच लॅबमध्ये न्यायला दिला असेल तर बाटली हलवून बघा: द्रव आहे, झाकण घट्ट आहे, नाव आणि वय फॉर्मशी जुळतंय. पावतीवरचा नंबर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. फोन करताना नाव नको, तो नंबर सांगा.

स्त्रीरोगतज्ज्ञ, जिल्ह्याच्या गावी

मला एकच गोष्ट जीव तोडून सांगायची आहे. रिपोर्ट यायच्या आधी पिशवी काढू नका.

आपल्याकडे शंका आली की घरात पहिलं वाक्य हेच: "काढून टाका ना पिशवी, कटकट मिटेल." काही ठिकाणी डॉक्टरही चार दिवसांत तारीख देतात. तुकड्यात फक्त सीआयएन, म्हणजे कॅन्सरच्या आधीचा पेशींचा बदल, निघालं तर पिशवी बहुतेक वेळा काढावी लागतच नाही. बदललेला भाग तेवढा तारेच्या कड्याने काढतात, त्याला लीप म्हणतात, किंवा तो जाळतात अथवा गोठवतात. आणि आत खरंच कॅन्सर असेल तर साधी पिशवी काढणं बहुतेक वेळा अपुरं पडतं. त्यात आजूबाजूचा भाग आणि गाठी काढायच्या असतात, किंवा ऑपरेशन न करता रेडिएशन आणि केमो द्यायचं असतं. चुकीचं ऑपरेशन आधीच होऊन गेलं की स्टेज नीट कळत नाही आणि रेडिएशनही अवघड होतं. आठ दिवस थांबल्याने जेवढं बिघडत नाही तेवढं या घाईने बिघडतं.

थांबल्याने किती बिघडतं, हा रास्त प्रश्न आहे. एचपीव्हीची लागण झाल्यापासून कॅन्सर व्हायला साधारण 15 ते 20 वर्षं लागतात. एचआयव्ही असून उपचार चालू नसतील तर 5 ते 10. बहुतेक लागणी दोनेक वर्षांत शरीर आपोआप घालवतं. त्यामुळे दहा दिवसांनी काही फिरत नाही. दहा महिन्यांनी फिरू शकतं. तारीख चुकवायची नाही एवढंच.

रिपोर्टवरचे शब्द आत्ताच वाचून ठेवा, म्हणजे त्या दिवशी तोंडओळख असेल. क्रॉनिक सर्व्हिसायटिस म्हणजे सूज. स्क्वेमस मेटाप्लेझिया म्हणजे पेशींचा नैसर्गिक बदल, तो जवळपास प्रत्येक बाईत असतो; "प्लेझिया" ऐकून दचकू नका. सीआयएन 1 बहुधा आपोआप जातं, वर्षाने पुन्हा तपासतात. सीआयएन 2 आणि 3 ला सहसा उपचार करतात, पण तो कॅन्सर नव्हे, कॅन्सरच्या आधीची पायरी आहे. "इन्व्हेझिव्ह" हा शब्द आला तर मात्र पेशी खालच्या थरात उतरल्या आहेत. मग एमआरआय आणि कॅन्सर सेंटर. पॅपच्या कागदावरचं एएससी-यूएस, एलएसआयएल, एचएसआयएल हे निदान नसतं. पुढे तपासायचं की नाही आणि किती लवकर, एवढंच त्यावरून ठरतं.

पाळी गेलेल्या बायकांत पेशी वाळल्यामुळे पॅप संशयास्पद येऊ शकतो. तेव्हा दोन-तीन आठवडे इस्ट्रोजेनचं मलम देऊन पुन्हा बघतात. गरोदर असाल तरी दुर्बिणीची तपासणी चालते.

समुपदेशक

या धाग्यावर एक प्रश्न अजून कुणी घेतला नाही, पण तो प्रत्येक घरात येतो: "हा विषाणू आला कुठून?" एचपीव्ही संबंधातून येतो हे खरं. पण तो वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. आज सापडला म्हणून लागण आत्ताची की वीस वर्षांपूर्वीची, कुणाकडून कुणाला, हे जगातली कुठलीही तपासणी सांगू शकत नाही. रिपोर्टवरून नवऱ्याचं किंवा बायकोचं चारित्र्य वाचता येत नाही. नवरा सोबत आला असेल तर हे डॉक्टरांच्या तोंडून त्याला ऐकवा. बाईने घरी जाऊन समजावण्यापेक्षा ते सोपं पडतं.

वाट बघण्याच्या दिवसांसाठी तीन-चार गोष्टी कामाच्या ठरतात. रिपोर्ट कुणी आणायचा, कुणी उघडायचा, हे आजच ठरवा. लॅब व्हॉट्सॲपवर पीडीएफ टाकते, तोही रात्री नऊला, आणि मग सकाळपर्यंत विचारायला कुणी नसतं. लॅबला सांगता येतं की रिपोर्ट थेट डॉक्टरांकडे पाठवा. काळजीला दिवसातली वेळ ठरवून द्या, संध्याकाळी वीस मिनिटं, वही घेऊन. मनात येईल ते लिहा आणि त्यातले जे डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आहेत त्यांवर खूण करा. रात्री दोन वाजता तेच पुन्हा आलं तर "हे वहीत आहे" असं म्हणता येतं. हसू नका, याने झोप लागते. शोधाशोध मोबाइलवर करायचीच असेल तर दिवसा, दुसऱ्या माणसाबरोबर.

आणि सगळ्यांना सांगू नका. दोन माणसं पुरे. बाकीच्यांसाठी एक वाक्य तयार ठेवा: "तपासणी झाली आहे, कळलं की मीच सांगेन."

आशा सेविका

गावात बाई पुन्हा जात नाही याचं कारण भीती कमी आणि बसभाडं, बुडणारी मजुरी, सासूची परवानगी जास्त. म्हणून पुढची तारीख शक्यतो बाजाराच्या दिवशी मागून घ्यावी, गाडी मिळते आणि कारणही मिळतं. सोबत येईल ती बाई आधीच ठरवावी. घरच्यांना "पिशवीच्या तोंडाला सूज आहे का ते बघितलंय" एवढं सांगितलं तरी चालतं, ते खोटं नाही.

तपासून काय होतं असं कुणी म्हटलं तर आपल्याच मातीतलं सांगते. उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवात, 30 ते 59 वर्षांच्या 1,31,746 बायकांचा अभ्यास झाला, 2009 साली छापून आला. एकदाच एचपीव्ही तपासणी आणि पुढचा उपचार ज्या गटाला मिळाला त्यात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. मुंबईच्या वस्त्यांत दहावी शिकलेल्या बायकांनी व्हिनेगरसारखं द्रावण लावून तपासलं, तिथे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. या बायकांनाही संशय आला तेव्हा वाट बघावीच लागली होती.

समाजसेवा अधीक्षक, सरकारी रुग्णालय

हे दिवस कागदांसाठी वापरा. आधार आणि रेशनकार्ड शेजारी ठेवून नाव अक्षर-अक्षर जुळवा. एकावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं असेल तर आत्ताच दुरुस्तीला द्या. उपचाराची वेळ आलीच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं काम इथेच अडकतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला आधीच भेटून यादी विचारता येते.

दुसरं मत घ्यायचं असेल तर कागदाचा रिपोर्ट पुरत नाही. परळच्या टाटासारख्या ठिकाणी काचा आणि ब्लॉक पुन्हा बघतात. लॅबला लेखी मागा, सही करून मिळतात. काचा प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा. ब्लॉक मेणाचा असतो, उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

सिस्टर, कॉल्पोस्कोपी ओपीडी

एक राहिलं होतं. रिपोर्ट चांगला आला की बाया पेढे वाटतात आणि फाइल माळ्यावर जाते. तुकडा साफ असला तरी एचपीव्ही पॉझिटिव्ह होता ना? मग 12 महिन्यांनी पुन्हा तपासणी असते, आणि सीआयएन 2-3 चा उपचार झाला असेल तर 6 ते 12 महिन्यांनी. ती तारीख तिथेच डॉक्टरांकडून फाइलवर लिहून घ्या आणि घरी गेल्या गेल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, सिलेंडर लावल्याची तारीख लिहिता तशी, पेनने लिहा. ती तारीख पुढच्या वर्षात पडत असेल तर डिसेंबरच्या पानावर लिहा, म्हणजे नवं कॅलेंडर टांगताना ती नव्या पानावर उतरते.