नवीन एसएसडी लावूनही बाबांचा कॉम्प्युटर रखडतोय, मदत हवी

मांद्रे, पेडणे तालुका (रविवार रात्र)

नमस्कार मंडळी,

रजेवर घरी आलो आहे. चतुर्थी तोंडावर आली, गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीचं सामान अजून जमवायचंय, पण बाबांचा जीव त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये अडकलाय, म्हणून आधी हे लिहितो.

बाबांकडची दशावताराची रेकॉर्डिंग्ज तुमच्यापैकी पुष्कळांनी परदेशातल्या आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात पाहिली आहेत. पेडण्यातल्या आणि पलीकडे वेंगुर्ले-सावंतवाडीकडच्या जत्रांमध्ये रात्र रात्र जागून त्यांनी ती केली. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं असतं, संवाद मात्र कलाकार तिथे उभ्याउभ्याच रचतात. त्या रात्री नारद काय बोलला, संकासुराने लोकांना कसं हसवलं, हे त्या फायलीत असेल तर आहे, नाहीतर कुठेच नाही.

कॉम्प्युटर जुना आहे. इंटेलच्या एच 61 चिपसेटचा (बोर्डावरची पोर्टं सांभाळणारी चिप) बोर्ड, आय 3 प्रोसेसर, 4 जीबी रॅम, विंडोज 10. पूर्वी 1 टीबीची हार्ड डिस्क होती. तिच्यावर सगळंच संथ चालायचं, म्हणून म्हापशातल्या एका दुकानातून 480 जीबीचा अडीच इंची साटा एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये माहिती साठवणारा ड्राइव्ह) बसवून घेतला. दुकानदाराने जुन्या डिस्कवरचं सगळं तसंच्या तसं क्लोन करून दिलं, जुनी डिस्कही आतच ठेवली. एसएसडीच्या खोक्यावर 550 एमबी प्रति सेकंद असं छापलंय.

आता होतं ते असं. काम चालू असताना मध्येच सगळं थिजतं. माउसचा बाण हलतो, पण एकही खिडकी उघडत नाही आणि कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा न लुकलुकता पेटलेलाच राहतो. अर्ध्याएक मिनिटाने सगळं एकदम सुटतं आणि मघाशी केलेली सगळी क्लिकं एकामागून एक उघडायला लागतात. मोठा व्हिडिओ कॉपी करायला घेतला तर सुरुवातीला बरा जातो, मग आकडा 40 एमबीवर येतो, कधी कधी थेट शून्यावर.

दुकानदाराचं म्हणणं, ड्राइव्हच खराब आलाय, ठेवून जा, वॉरंटीत बदलून आणतो. बाबा ठेवायला तयार नाहीत आणि मला त्यांचं पटतं. काय तपासू?

म्हापसा (सोमवार सकाळ)

अरे, आधी बाबांना माझा नमस्कार सांग. ड्राइव्ह हातचा सोडला नाही हे त्यांनी फार चांगलं केलं. वॉरंटीत गेलेला ड्राइव्ह परत मिळत नाही, त्याच्या बदली दुसरा मिळतो आणि तो कोरा असतो. म्हणून पहिलं काम हेच: सगळी रेकॉर्डिंग्ज बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घे. रात्रभर लागली तरी लागू दे. ती उतरून, त्यातल्या चारदोन फायली उघडून, चालवून पाहिल्याशिवाय बाकी कशालाच हात लावू नकोस.

दुसरं असं की, काही बदलण्याआधी मोजायला हवं. मस्कतला असताना माझं अर्धं आयुष्य सर्व्हर रूममध्ये गेलं. ड्राइव्ह मंद आहे असं म्हणून लोक माझ्याकडे यायचे, तेव्हा बऱ्याचदा ड्राइव्ह ठणठणीत असायचा आणि खोट त्याच्यापर्यंत जाणाऱ्या वाटेत असायची. केबल, पोर्ट, बायोसमधली (विंडोजच्याही आधी चालणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) सेटिंग, कमी रॅम. ड्राइव्ह बदलला की केबलही हलते, कधी नवीन लागते, मग दोष ड्राइव्हचाच होता असं सगळ्यांना वाटतं.

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते उतरवून घे. त्यात एसएसडी निवडलास की वरच्या भागात 'ट्रान्सफर मोड' दिसेल. तिथे उभ्या रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन आकडे असतात. उजवीकडचा म्हणजे ड्राइव्हची ताकद, डावीकडचा म्हणजे आत्ता प्रत्यक्ष जोडणी कुठल्या वेगावर आहे ते. साटा म्हणजे ड्राइव्ह बोर्डाला जोडण्याची पद्धत, तिच्या तीन पिढ्या आहेत, सेकंदाला 1.5, 3 आणि 6 गिगाबिट. तारेवरून दर 8 बिट माहितीसाठी 10 बिट पाठवावे लागतात, म्हणून त्यांचं एमबीतलं माप 150, 300 आणि 600 असं होतं.

मग खालच्या यादीत 'सी 7' क्रमांकाची ओळ शोध. अल्ट्रा डीएमए सीआरसी एरर काउंट. ड्राइव्ह आणि बोर्ड यांच्यामध्ये जाता-येता माहिती किती वेळा बिघडली, याची ती मोजणी. हे सॉफ्टवेअर मुळात आकडे हेक्साडेसिमलमध्ये (सोळाच्या पायावर) दाखवतं, मेन्यूमध्ये जाऊन ते दशमान करून घे, नाहीतर भलताच अर्थ लागेल. आणि हा आकडा कधी खाली येत नाही, त्यामुळे नुसता मोठा दिसला म्हणून घाबरू नकोस. लिहून ठेव, एक मोठी फाइल कॉपी कर, परत बघ. वाढला असेल तर केबलवर संशय घ्यायचा.

तिसरं, विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'सिस्टिम' लॉग उघडून 129 क्रमांकाच्या नोंदी शोध. ड्राइव्हकडून उत्तर येईना म्हणून विंडोजने जोडणी रीसेट केली, असा त्याचा अर्थ. थिजण्याच्या वेळा आणि त्या नोंदींच्या वेळा जुळतात का ते सांग.

मडगाव (सोमवार दुपार)

काकांनी सांगितलं ते करच, त्यात आणखी दोन गोष्टी बघ. बायोसमध्ये साटा मोड आयडीई (जुनी पद्धत) आहे की एएचसीआय (नवी)? जुन्या मशीनवर कधीकाळी एक्सपी टाकताना कोणीतरी आयडीई करून ठेवलेलं असतं. त्यात एनसीक्यू चालत नाही, म्हणजे एका वेळी अनेक मागण्या ड्राइव्हकडे सोपवता येत नाहीत. पण आयडीई दिसलं तरी तडकाफडकी बदलू नकोस, विंडोज निळ्या पडद्यावर अडकेल. आधी विंडोजच्या एमएसकॉन्फिगमधून सेफ बूट लावायचं, मग बायोसमध्ये बदल करायचा, सेफ मोडमध्ये एकदा चालू होऊ द्यायचं आणि मग सेफ बूट काढायचं.

दुसरं, टास्क मॅनेजर उघडून नुसता ब्राउझर आणि व्हिडिओ प्लेअर चालू असताना मेमरी किती भरते ते बघ. 4 जीबी रॅम अपुरी पडली की विंडोज 10 तिच्याऐवजी सतत डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये लिहीत-वाचत बसतं. त्यात मरतो बिचारा एसएसडी, आणि नाव होतं त्याचंच.

मांद्रे (मंगळवार रात्र)

रेकॉर्डिंग्ज बाहेरच्या डिस्कवर उतरली. बाबांनी स्वतः समोर बसून एकेक चालवून पाहिली, त्यातच अख्खा दिवस गेला.

ट्रान्सफर मोड: डावीकडे साटा 150, उजवीकडे साटा 600!

सी 7 चा आकडा एकच व्हिडिओ कॉपी केल्यावर वाढला. परत केला, परत वाढला. 129 च्या नोंदी भरपूर आहेत आणि आज थिजल्याच्या वेळा मी कागदावर टिपल्या होत्या, त्या जुळतात.

ताई, बायोसमध्ये एएचसीआयच आहे. रॅम मात्र तुम्ही म्हणता तशीच, ब्राउझर उघडला की नव्वद टक्क्यांच्या वर जाते.

मग कॅबिनेट उघडलं. एसएसडीला लावलेली केबल जुनीच, डीव्हीडी ड्राइव्हची काढून लावलेली दिसते. तिला पकडून ठेवणारी धातूची चाप नाही, बोट लावलं की बोर्डाकडचं टोक हलतं. टोकातल्या पट्ट्यांवर काळसर-हिरवट थर आलाय. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर आणि कॉम्प्युटर खिडकीपाशी. घरात दाराच्या कड्यांनाही असाच थर धरतो.

म्हापसा (बुधवार सकाळ)

सापडलं की! 150 म्हणजे साटाची पहिली पिढी. सिग्नल नीट पोचत नसला की चालू होतानाच बोर्ड आणि ड्राइव्ह खालच्या वेगावर तडजोड करतात. त्या वेगावरही माहिती बिघडतेय, म्हणून ती परत परत मागवावी लागते, आणि अगदीच उत्तर आलं नाही की विंडोज वाट बघून बघून रीसेट करतं. तुझं ते अर्धं मिनिट तिथे जातं.

नवीन केबल आण, दोन्ही टोकांना चाप असलेली. शुक्रवारच्या बाजाराला येशीलच, तेव्हा घे. बोर्डावरचं पोर्टही बदल. लावण्याआधी ड्राइव्हच्या आणि पोर्टच्या संपर्कपट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पूस आणि पूर्ण वाळू दे. सँडपेपर किंवा खोडरबर अजिबात नको, वरचा सोन्याचा पातळ मुलामा निघून जातो आणि मग गंज आणखी लवकर धरतो. कॉम्प्युटर खिडकीपासून आत सरकव. पावसाळ्यात तो रोज थोडा वेळ चालू ठेवावा, आतल्या उबेने दमटपणा कमी राहतो.

आखातातून (बुधवार)

केबलमध्ये कशाला वेळ घालवता? पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसणारं अडॅप्टर घ्या आणि एनव्हीएमई ड्राइव्ह (साटाऐवजी थेट त्या स्लॉटवरून चालणारा वेगवान एसएसडी) लावा. 3500 एमबी मिळतील, विषय संपला. मी येताना घेऊन येतो.

म्हापसा (बुधवार संध्याकाळ)

भावना चांगली आहे, पण या बोर्डावर ते पैसे वाया जातील. त्या काळच्या बहुतेक बोर्डांचं बायोस एनव्हीएमईवरून विंडोज चालूच करत नाही. 3500 हा आकडा पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या चार लेनचा (माहिती जाण्यायेण्याच्या वाटांचा) आहे. एच 61 च्या छोट्या स्लॉटमध्ये दुसऱ्या पिढीची एकच लेन, तिची कमाल मर्यादाच 500. आणि बाबांच्या कामाला त्याची गरज आहे का, हेही बघायला हवं.

मांद्रे (शनिवार)

काका, केबल बदलली, पोर्ट बदललं, पट्ट्या पुसल्या. आता डावीकडे साटा 300 दिसतं. सी 7 चा आकडा जागचा हलत नाही. थिजणं पूर्ण थांबलंय. 129 ची एकही नवी नोंद नाही.

दोन शंका उरल्या. वेग मोजणाऱ्या क्रिस्टलडिस्कमार्कमध्ये सलग वाचन 270 च्या आसपास येतं, 550 का नाही? आणि मोठी कॉपी अजूनही मध्यावर मंदावते, शून्यावर नाही जात, पण 60-70 वर येते.

म्हापसा (शनिवार रात्र)

पहिल्याचं उत्तर सोपं. एच 61 चिपसेटला 6 गिगाबिटचं पोर्टच नाही, चारही पोर्ट 3 गिगाबिटची. त्यावर 270 म्हणजे जवळजवळ पूर्ण वेग. खोक्यावरचा आकडा खोटा नाही, तो या बोर्डावर मिळणार नाही एवढंच. आणि त्याची खंत करू नकोस. विंडोज चालू होताना, प्रोग्रॅम उघडताना शेकडो छोटे छोटे तुकडे इकडून तिकडून वाचले जातात. क्रिस्टलडिस्कमार्कमधली सगळ्यात खालची 4 के ची ओळ बघ, रँडम, एका वेळी एकच मागणी. तुझ्याकडे तिथे 20 च्या वर काहीतरी असेल. फिरत्या हार्ड डिस्कला तिथे 1 गाठताना दम लागतो, कारण तिला दर वेळी डोकं हलवून जागा शोधावी लागते. कॉम्प्युटर चपळ वाटतो तो या ओळीमुळे.

दुसरी गोष्ट नीट समजून घे, स्वस्त एसएसडी घेणाऱ्या प्रत्येकाला ती भेटते. आतल्या चिपच्या प्रत्येक पेशीत टीएलसी प्रकारात 3 बिट आणि क्यूएलसी प्रकारात 4 बिट ठेवतात. दाटीवाटीने लिहिणं संथ असतं, म्हणून ड्राइव्ह मोकळ्या जागेचा काही भाग पेशीत एकच बिट ठेवून भराभर लिहायला वापरतो, आणि नंतर सवडीने ते दाट करून लावतो. आलेली पाटी आधी ओट्यावर ओतायची आणि मग डब्यांत भरायची, तसं. ओटा भरला की पुढचं सगळं थेट डब्यांत भरावं लागतं. काही क्यूएलसी ड्राइव्ह अशा वेळी 100 च्या खाली, म्हणजे साध्या हार्ड डिस्कच्याही मागे जातात. तुझा ड्राइव्ह किती भरलाय? क्लोन करताना सगळी रेकॉर्डिंग्ज त्यातच आली असणार. पुष्कळशा ड्राइव्हमध्ये मोकळी जागा कमी तसा हा ओटाही लहान.

रेकॉर्डिंग्ज एसएसडीवर हवीत कशाला? व्हिडिओ बघायला सेकंदाला फार तर काही एमबी लागतात, आतली जुनी हार्ड डिस्क तेवढं आरामात देते. आधी तिचीही तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये बघून घे. ठीक असेल तर रेकॉर्डिंग्ज तिकडे हलव, एसएसडीवर विंडोज, प्रोग्रॅम आणि सध्या संपादन चालू असेल तेवढंच ठेव, आणि पाव भाग तरी मोकळा सोड. मग 'डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ज'मध्ये जाऊन त्याच्यासमोर 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' लिहिलंय ना ते बघ आणि ऑप्टिमाइझ कर. पुसलेल्या जागा कुठल्या ते त्यामुळे ड्राइव्हला कळतं.

आणखी एक, आणि हे बाहेरदेशी राहून गावचं घर कुलूपबंद ठेवणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी आहे. जपून ठेवायची एकमेव प्रत एसएसडीवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवून वर्षानुवर्षं कपाटात टाकू नका. एसएसडीतली माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वीज नसताना तो हळूहळू झिरपतो. लिहून लिहून मर्यादेला पोचलेल्या घरगुती एसएसडीने वीज नसताना 30 अंशांवर वर्षभर माहिती टिकवावी, एवढंच जेडेक या चिप-उद्योगाच्या मानक संस्थेचं मानक मागतं. नवा ड्राइव्ह याहून पुष्कळ टिकतो, पण एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखालच्या बंद खोलीत 30 च्या वर सहज जातं. दोन हार्ड डिस्क, दोन वेगळ्या घरांत.

मडगाव (रविवार)

रॅमचं विसरू नका. डीडीआर 3 लागेल, आणखी 4 जीबी टाक. शिवाय विंडोज 10 चा मोफत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि हे मशीन विंडोज 11 च्या अटींत बसत नाही. बँकेचे व्यवहार त्यावर करू नका असं बाबांना सांग. रेकॉर्डिंग्जचं काम इंटरनेट न जोडताही होतं.

मांद्रे (सोमवार)

काका, ताई, मनापासून आभार. एसएसडी खरोखरच गच्च भरला होता. जुनी डिस्क 'गुड' दाखवते, म्हणून रेकॉर्डिंग्ज तिकडे हलवली. रॅम कालच टाकली. बाबांनी आज सकाळी संपादनाचं सॉफ्टवेअर उघडलं आणि दोन तास उठले नाहीत, आईने चहा तिथेच नेऊन दिला. बँकेचं ताईंनी सांगितलं ते त्यांना सांगितलंय, ते आता फोनवरूनच करतील.

दुसरी हार्ड डिस्क घेतली आहे, तिच्यावर प्रत चढतेय. ती आपल्या मंडळाच्या कपाटात राहावी अशी बाबांची इच्छा आहे, सचिवांनी होकार कळवावा. मी चतुर्थी संपेपर्यंत इथेच आहे. त्याआधी मोप्याहून कोणी तिकडे निघत असेल तर मला वेगळं लिहा, डिस्क विमानतळावर आणून देतो. तपासलेल्या सामानात टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा.