शिवलेली साडी नेसतात की घालतात?

काठपदर
फॅशनविषयक सदरासाठी छायाचित्रांखालच्या ओळी मराठीत लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे आणि सध्या एका क्रियापदापाशी गाडी अडली आहे. २०२५ च्या कान चित्रपट महोत्सवाच्या समारोपाला आलिया भट्ट हिने गुची या इटालियन कंपनीने बनवलेला, स्फटिकांच्या जाळीचा पोशाख केला होता. अनेकांनी त्याला गुचीची पहिली साडी म्हटले, तर अनेकांच्या मते तो सरळसरळ घागरा, चोळी आणि ओढणी असा प्रकार होता. मी ‘साडी नेसली’ असे लिहिले. संपादकांनी त्याचे ‘साडी परिधान केली’ असे केले, कारण ज्या वस्त्राच्या निऱ्या स्वतः घालाव्या लागत नाहीत ते नेसता येत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. ‘साडी घातली’ हे माझ्या कानाला आजही खटकते. मग निऱ्या आधीच शिवलेल्या आणि बाजूला चेन लावलेल्या तयार साडीसाठी क्रियापद कोणते वापरावे?

बाराखडी
‘नेसणे’ हे ‘नि’ उपसर्ग आणि ‘वस्’ धातू यांपासून आले आहे. संस्कृतात ‘निवसन’ म्हणजे वस्त्र, विशेषतः कमरेखालचे. पाली भाषेत ही छटा फार स्वच्छ दिसते. बुद्ध सकाळी भिक्षेला निघत त्याचे वर्णन ‘पुब्बण्हसमयं निवासेत्वा पत्तचीवरमादाय’ अशा ठरावीक शब्दांत पुन्हापुन्हा येते. त्यातले ‘निवासेत्वा’ म्हणजे आपले ‘नेसून’. वरचे वस्त्र अंगावर घेण्यासाठी पालीत ‘पारुपति’ हे निराळे क्रियापद आहे. तेव्हा कमरेभोवती गुंडाळण्याची क्रिया हा या शब्दाचा गाभा आहे. ती क्रिया नसेल तर ‘नेसणे’ नाही, मग त्या कपड्याला कंपनी काहीही नाव देवो. आपले संपादक बरोबर आहेत. फक्त ‘परिधान’ नको होते, ‘घातली’ हवे होते.

शिवणटीप
हा नियम शिवणकाम करणाऱ्या माणसासमोर टिकत नाही. परकर हा पूर्णपणे शिवलेला कपडा आहे, त्यात गुंडाळण्यासारखे काही नसते, तो डोक्यावरून किंवा पायांतून चढवतात आणि नाडी बांधतात. तरीही आपण ‘परकर नेसली’ असेच म्हणत आलो आहोत. शिवलेल्या नऊवारीचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. तिचा काष्टा आधीच टाचलेला असतो, पाय पायजम्यात घालावे तसे एकेक करून घालावे लागतात, कमरेला हूक लागतो आणि पदर तेवढा खांद्यावर घ्यायचा उरतो. माझ्याकडे येणाऱ्या बायका मापाच्या वेळी ‘नऊवारी घालून बघते’ म्हणतात, आणि त्याच बायका समारंभाचे फोटो दाखवताना ‘मी नऊवारी नेसले होते’ म्हणतात. एकच साडी, एकच बाई, आणि दोन्ही वाक्ये चोख मराठी. पहिल्या वेळी लक्ष कपड्याच्या बेतण्याकडे असते, दुसऱ्या वेळी त्या दिसण्याकडे.

बाराखडी
परकराला नाडी आहे, म्हणजे कमरेला बांधणे आलेच. माझा मुद्दा उलट पक्का होतो. चेन लावलेल्या साडीत तेही नाही.

जुनीवही
‘नेसत्या वस्त्रानिशी घर सोडले’ असे आपण पँट-शर्टातल्या माणसाबद्दलही बिनदिक्कत म्हणतो, हे बाराखडी यांनी लक्षात घ्यावे. तेथे ना गाठ असते, ना गुंडाळणे.

खरी गंमत मला वेगळीकडे दिसते. उद्योजिका नताशा पूनावाला २०२२ च्या मेट गाला या न्यूयॉर्कमधल्या फॅशन सोहळ्याला वेशभूषाकार सब्यसाची यांच्या सोनेरी साडीत गेल्या होत्या आणि वर स्कियापरेल्ली या पॅरिसच्या फॅशन घराण्याची धातूची चोळी होती. इंग्रजीत या सगळ्याला एक क्रियापद पुरते. मराठीत मात्र त्या साडी नेसल्या, चोळी त्यांनी घातली, दागिने ल्यायल्या आणि साडीचा घोळ मागे सोडला. २०२५ च्या मेट गालात दिलजीत दोसांझ यांनी पगडी बांधली होती, घातली नव्हती. ‘परिधान केले’ या सरकारी पत्रकाच्या भाषेने हे सारे एका रंगाचे होते, म्हणून तो शब्द मी कधीच वापरत नाही.

तिरकस
‘परिधान’ परवडले, असे म्हणण्याची वेळ आता आली आहे. मनोरंजनाच्या बातम्यांमध्ये हल्ली कोणीच काही नेसत नाही आणि घालतही नाही. सगळ्या तारका साडी ‘कॅरी’ करतात. एका अभिनेत्रीने ‘काळी साडी कॅरी करत चाहत्यांना घायाळ केले’ असे वाचल्यावर ती साडी तिने घडी करून पिशवीतून नेली असावी, असेच मला वाटले.

काठपदर
‘कॅरी’बद्दल मी थोडी बाजू घेईन. ‘तिला साडी कॅरी करता येते’ या वाक्यात कपडा अंगावर असण्यापेक्षा तो अंगावर असताना सहजपणे वावरण्याचे कौतुक आहे. ‘शोभते’ किंवा ‘खुलते’ म्हटले की श्रेय साडीला किंवा रूपाला जाते, तिच्या वावराला जात नाही. मेट गालाला २०२४ मध्ये आलिया भट्ट हिच्या साडीचा घोळ तेवीस फुटांचा होता. तो घेऊन पायऱ्या चढणे याला ‘नेसणे’ अपुरे पडते.

बाराखडी
‘मिरवणे’ हा शब्द कोठे गेला? ‘तिने ती साडी मिरवली.’ झाले.

तिरकस
‘मिरवणे’ यात दिखाऊपणाचा वास आहे. ‘नुसता मिरवतो’ हे कौतुक नव्हे. कपड्यांच्या बाबतीत मराठी माणसाची शब्दसंपत्ती अशी संशयी आहे की काय, असे वाटते: नखरा, नटवेपणा, छानछोकी, थाट, टूम. कोणी नीटनेटके दिसले तर त्याला ‘टापटीप’ म्हणून स्वच्छतेच्या खात्यात टाकायचे, आणि सुंदर दिसले तर लगेच चारित्र्याकडे बोट.

शिवणटीप
‘थाट’ आणि ‘ठसका’ यांना या यादीत घालू नये. ‘काय ठसक्यात आली!’ यात निखळ दाद आहे.

जुनीवही
‘ल्यायल्या’ हा शब्द वर मी मुद्दाम वापरला होता, कोणी दखल घेतली नाही. काजळ, कुंकू, दागिने हे लेतात. माझ्या आईच्या मते डोंगरातली लेणी ही धरतीने ल्यायलेली लेणीच आहेत, आणि ही व्युत्पत्ती मला अतिशय प्रिय आहे.

बाराखडी
प्रिय असू द्या, पण डोंगरातले लेणे हे ‘लयन’ म्हणजे राहण्याची जागा या शब्दावरून आले आहे. दागिन्याच्या लेण्याशी त्याचा संबंध उच्चारापुरता.

जुनीवही
अजिंठ्याची भित्तिचित्रे पाहून आल्यावर हा संबंध नुसता उच्चाराचा आहे असे म्हणवत नाही. तिथल्या एकेका आकृतीच्या अंगावर दागिनेच दागिने आहेत.

काठपदर
आजच्या ओळी संध्याकाळपर्यंत द्यायच्या आहेत. चेन असलेल्या साडीचे काय करायचे, ते अजून कोणी सांगितलेले नाही.

शिवणटीप
चेन बाजूला आहे की मागे?