मदत हवी आहे: छोट्या वेबसाइटचं नाव लोकांच्या लक्षात कसं राहील?

नमस्कार मंडळी. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) विकणारी आमची छोटी वेबसाइट आहे. गुगल आणि इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातींतून लोक येतात, किंमत बघतात, काही घेतातही. पण पुन्हा लागलं की साइटचं नाव आठवत नाही, म्हणून परत गुगलवर 'सावंतवाडी खेळणी' शोधतात आणि दुसऱ्याच दुकानात पोचतात! म्हणजे क्लिकचे पैसे आमचे, गिऱ्हाईक त्यांचं.

एक कल्पना आहे. दशावतारी गंजिफात 10 अवतारांची प्रत्येकी 12, अशी 120 पानं असतात. जाहिरातीत दर आठवड्याला एक नवं पान, पण तीच चौकट, तोच रंग, खाली ठळक साइटचं नाव. अमूलची मुलगी 1966पासून ठिपक्यांच्या फ्रॉकमध्ये दिसते, तसं काहीसं. (बजेट अर्थातच अमूलचं नाही.)

हे मोबाइलवर चालेल की लोक न बघताच पुढे सरकतील? आकाशवाणी रत्नागिरीवर जिंगल किंवा दिवाळी अंकात पाव पान कुणी दिलंय का? त्यातून लोकांनी साइटचं नाव थेट टाइप केलं का, हे कसं मोजलंत? 'रील्स करा' सोडून काहीही सुचवा.