ताईच्या नातवाला चांदोबा कसा दाखवू? (मागच्या वेळी जांभई दिली)

तापीकाठचा (सावदा)

मंडळी, प्रश्न एका ओळीचा आहे, पण आधी थोडी रडकथा ऐकावी लागेल.

माझ्याकडे वडिलांची पत्र्याची पेटी आहे. वडील भुसावळला रेल्वेत होते. पगार झाला की फलाटावरच्या बुकस्टॉलवरून चांदोबा, मुलांचं गोष्टींचं मासिक, घरी यायचा. आधी आई वाचायची, मग ताई, मग मी. माझ्या हाती येईपर्यंत त्याला फोडणीचा वास लागलेला असायचा. पेटीत 1974 ते 1983 चे अंक आहेत, मधले सात-आठ गहाळ. त्यातला एक शेजारच्या काकूंनी "दुपारी देते" म्हणून नेला होता. ती दुपार अजून व्हायची आहे.

मी केळीच्या व्यापाऱ्याकडे हिशोब लिहितो. गाडीत माल किती भरला, मजुरी किती, भाडं किती, दिवस त्यातच जातो. संध्याकाळी पेटी उघडली की बायको म्हणते, बसले तपाला. कामावर कधी विषय काढला तर "काय भो, या वयात राजाराणीच्या गोष्टी?" एवढंच. त्यामुळे बोलायला माणूस नाही.

मला गोष्टींपेक्षा चित्रांचं वेड. विक्रम-वेताळाचं ते चित्र आठवतंय का? राजा, उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत. शंकर नावाचे चित्रकार मद्रासमध्ये बसून काढायचे. 2020 मध्ये गेले, नव्वदी ओलांडून. पेपरात चार ओळी आल्या होत्या, त्या मी कापून पेटीत ठेवल्यात. सातवीत असताना ते चित्र मी कोळशानं क्वार्टरच्या भिंतीवर काढलं होतं, चांगलं दोन हात उंच. वाटलं, आता मार बसणार. वडील काही बोलले नाहीत. रेल्वेचा माणूस चुना मारायला आला तेव्हा त्याला म्हणाले, तेवढा चौकोन सोड.

तर प्रश्न. ताईचा नातू तेरा वर्षांचा, पुण्याला असतो, मला मामाजोबा म्हणतो. चित्रं झकास काढतो. मे महिन्यात आला तेव्हा मी त्याच्यापुढे वीस अंक मांडले आणि शेजारी बसून एकेक समजावत राहिलो. दहा मिनिटांत जांभई. मग म्हणाला, "छान आहे, मामाजोबा." लोकांच्या घरी चहा फार गोड झाला की आपण म्हणतो ना, तसं छान. आणि पिशवीतून जपानी कॉमिक काढून वाचत बसला.

दिवाळीला आठ दिवस येतोय. या वेळी काय करू?

पांझरा (धुळे)

मना पोऱ्या बी तसाच शे, म्हणून राग न धरता विचारतो. त्याच्या पिशवीतलं एक तरी पुस्तक तुम्ही उघडलं का? तुम्ही वीस अंक मांडले, त्यानं एक तरी वाचावा अशी अपेक्षा धरली. त्याचं तुम्ही किती वाचलं?

बहुतेक नारुटो असेल. नसेल तर वन पीस. नारुटो 1999 ते 2014 एका जपानी साप्ताहिकात चाललं, पुस्तकरूपात 72 भाग. वन पीस 1997 पासून चालूच आहे, ते संपायच्या आत आपण संपू. नारुटोपासून धरा. पहिला भाग मागा आणि वाचा. आवडल्याचं नाटक करू नका, पोरांना लगेच कळतं.

तापीकाठचा

खरं सांगायचं तर एकदा उघडलं होतं, तो झोपल्यावर. पहिल्याच पानावर लिहिलेलं की तुम्ही उलट्या बाजूनं वाचताय. मला वाटलं, छपाईची चूक. परत ठेवून दिलं.

नाजनीन (भुसावळ)

चूक नाही हो काका. जपानी कॉमिक उजवीकडून उघडतं आणि पानावरचे चौकोनही उजवीकडून डावीकडे वाचायचे. आम्ही उर्दू शाळेत शिकलेल्यांना काहीच वाटत नाही, आमची पाठ्यपुस्तकं तशीच उघडतात. माझ्या भावानं पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा तो म्हणाला, चला, कुणीतरी सरळ छापलं.

एक युक्ती सांगते. प्रत्येक चौकोन वाचायचा हट्ट सोडा. मारामारीच्या पानांवर शब्द कमीच असतात, नजर रेघांबरोबर धावू द्या. पहिली वीस पानं डोकं दुखेल, मग हात आपोआप उजवीकडे जाईल.

आणि तो चित्रं काढतो म्हणालात, तर त्याला नुसतं दाखवू नका, करायला द्या. आमचे नातेवाईक मालेगावला आहेत. तिथल्या लोकांनी हातमाग-यंत्रमाग सांभाळून सिनेमे काढले, ते 2008 च्या माहितीपटात जगानं पाहिलं. ट्रॉली नव्हती तर सायकलवर कॅमेरा, क्रेन नव्हती तर बैलगाडी. वेड असंच लागतं, हात काळे झाल्यावर.

जुना ग्रंथपाल (जळगाव)

नातवाचं तुम्ही बघून घ्याल. मला काळजी पेटीची आहे.

पत्र्याची पेटी म्हणालात. ती गच्चीखालच्या खोलीत असेल तर आधी हलवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, त्यात पत्रा म्हणजे भट्टी. स्वस्त कागदात लाकडाचा जो अंश राहतो त्यामुळे कागद आम्ल होतो, पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. उष्णतेनं हे सगळं भराभर होतं. म्हणून "ऊन दाखवून घेऊ" हा आपल्याकडचा लाडका उपाय अंकांना अजिबात करू नका. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात, तास-दोन तास पुरे.

मधल्या पिना गंजल्या असतील. त्या चिमट्यानं उपसू नका, आधी मागचे पाय नखानं सरळ करा, मग अलगद काढा आणि पांढऱ्या दोऱ्यानं दोन टाके घाला. सेलोटेप लावायची नाही. लावलेली असेल तर ओढायची नाही, कागदाचा पापुद्रा सोबत येतो. लॅमिनेशन करून आणलेला अंक मला दाखवू नका, मला बघवत नाही. कसर लागली असेल तर कोरड्या ब्रशनं झटका, कोपऱ्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला कापडाच्या पुरचुंडीत ठेवा. पाला थेट कागदावर ठेवला तर डाग पडतो.

एवढं पोटतिडकीनं लिहायचं कारण आहे. एका वाचनालयानं जागा नाही म्हणून मासिकांचे तीस वर्षांचे गठ्ठे रद्दीत घातले. मी तिथे पोचलो तेव्हा काटा लावून झाला होता. किलोच्या भावानं चांदोबा विकत घ्यायला लागला मला, आणि तोही जेवढा हातात मावला तेवढाच.

गिरणाकाठची (चाळीसगाव)

मी विषय जरा लांब नेते, चालेल ना?

त्याला घेऊन एक दिवस चाळीसगावला या. स्टेशनपासून जवळच छायाचित्रकार केकी मूस यांचा बंगला आहे, आता ते संग्रहालय आहे. 1912 साली मुंबईत जन्मलेला पारशी माणूस, आयुष्य चाळीसगावात काढलं, 1989 च्या 31 डिसेंबरला गेले. ते वर्षानुवर्षं घराबाहेर पडत नसत, आणि रोज रात्री पंजाब मेलनं कुणीतरी येईल म्हणून वाट पाहत, ही गोष्ट आमच्याकडे स्टेशनबाहेरचा रिक्षावालाही सांगतो. मला त्या गोष्टीचा आता कंटाळा आलाय. पाहुणे येतात, प्रेमकथा ऐकून हळहळतात आणि भिंतीवरच्या फोटोंकडे पाठ करून निघून जातात.

फोटो बघा. विशेषतः टेबलटॉप. म्हणजे टेबलावरच छोट्या छोट्या वस्तू मांडायच्या, उजेड असा पाडायचा की फोटोत अख्खा देखावा खरा वाटावा. मी आठवीत असताना पहिल्यांदा पाहिले, आणि घरी येऊन आईच्या पोळपाटावर रवा पसरून वाळवंट केलं होतं. उंट शेंगदाण्याचे. आईला ते अजून आठवतं, रव्यामुळे.

त्याला प्रेमकथा आधी सांगू नका. आधी फोटो बघू द्या, आणि तुम्ही तोंड बंद ठेवा. हे जमलं तर बाकी सगळं जमेल. निघण्याआधी उघडं आहे का ते विचारून घ्या.

पांझरा

ताईंचं शेवटून तिसरं वाक्य फ्रेम करून पेटीवर लावा.

तापीकाठचा

लावलं. बायकोनंही वाचलं, फार आनंदानं.

ग्रंथपाल साहेब, पेटी गच्चीखालीच होती. खालच्या खोलीत आणली. 1978 च्या एका अंकावर मीच लहानपणी सेलोटेप लावली होती, ती तशीच ठेवतो.

तापीकाठचा (चोवीस दिवसांनी)

मंडळी, दिवाळी झाली. उशीर झाला, गाड्यांचा हंगाम होता.

पोरगं आलं त्या रात्री मी काहीच काढलं नाही. भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा. दुसऱ्या दिवशी मीच म्हणालो, तुझा पहिला भाग दे. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्याकडे मोटारसायकल मागितली. नाजनीनताई, वीस नाही, चाळीस पानं डोकं दुखलं. दोनदा उत्तर आधी आणि प्रश्न नंतर वाचला. पण पहिल्या प्रकरणाच्या शेवटी तो मास्तर पोरासाठी पाठीवर वार घेतो तिथे मी चष्मा पुसला, आणि ते त्यानं बघितलं.

रात्री गच्चीवर मी सहज म्हणालो, म्हणजे या नारुटोच्या पोटात नऊ शेपट्यांचा कोल्हा कोंडलाय, आणि आमच्या राजाच्या खांद्यावर वेताळ. दोघंही नको असलेलं ओझं घेऊन फिरतात. तो म्हणाला, "पण वेताळ बोलतो ना?" म्हटलं, बोलतो, गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून गप्प राहिलं तर डोक्याची शंभर शकलं, आणि बोललं तर प्रेत उडून परत झाडावर. "मग तो फसलाच की," म्हणाला. "म्हणून तर वर्षानुवर्षं चाललं," एवढंच म्हणालो. मूळच्या गोष्टी पंचवीसच, चांदोबानं त्या शेकड्यांनी पुढे वाढवल्या, हे माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं.

चाळीसगावला गेलो. मी खरंच गप्प होतो, पाय दुखेपर्यंत. तो एका फोटोसमोर एवढा वेळ उभा राहिला की मी बाहेर जाऊन पाणी पिऊन आलो. परतीच्या गाडीत तोंडातून अक्षर नाही. मला वाटलं, गेलं हेही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको ओरडली, रांगोळीचा डबा कुठाय? बघतो तर मागच्या खोलीत चटईवर स्मशान. राखेच्या जागी रांगोळी. झाड म्हणून केळीचं वाळलेलं पान चिरून उभं केलेलं. पुण्याहून किल्ल्यासाठी आणलेला एक मावळा, त्याच्या खांद्यावर पांढऱ्या चिंधीची गाठ. एका बाजूला पणती, दुसऱ्या बाजूनं माझ्या मोबाइलचा उजेड, मध्ये चहाची गाळणी धरून सावली पाडलेली. पालथा पडून फोटो काढत होता. न बघताच विचारलं, "मामाजोबा, राजा तलवार कुठल्या हातात धरतो?"

मला सांगता आलं नाही.

पंचेचाळीस वर्षं ते चित्र बघतोय. भिंतीवर काढलंय. आणि हात आठवेना. मी उजवा म्हणालो, मग डावा म्हणालो. तो उठला, स्वतः पेटी उघडली आणि अंक काढले. मग चार वर्षांचे अंक जमिनीवर पसरून आम्ही दोघं तेच चित्र बघत बसलो. त्यानं मला दाखवलं की राजाच्या धोतराच्या चुण्या सगळ्या एकाच दिशेला उडतात, म्हणून तो चालतोय असं वाटतं. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. कोणत्या हातात ते इथे लिहीत नाही, ज्यांच्याकडे अंक आहेत त्यांनी उठून बघा.

फोटो बरा आला. वेताळाला त्यानं कागदाचे टोकदार पिवळे केस चिकटवले. मला ते आवडलेलं नाही, तसं सांगितलंही. तो म्हणाला, "चालेल." गोष्टी मात्र त्यानं दोनच वाचल्या, हेही सांगून टाकतो. भाषा जड वाटते म्हणाला. जाताना 1979 चा एक अंक मागितला, चित्रांसाठी. दिला. ग्रंथपाल साहेब, जाड पुठ्ठ्यात घालून दिलाय, काळजी नसावी.

बदल्यात तो नारुटोचे पहिले सहा भाग ठेवून गेला. पाच झाले, सहावा काल रात्री संपला आणि भलत्याच ठिकाणी संपला. परीक्षा होईपर्यंत तो पुढचे पाठवणार नाही, त्याच्या आईनं दम दिलाय. सातवा भाग भुसावळ-जळगावकडे कुणाकडे आहे का? नीट वापरून परत देईन. फोडणीपासून लांब ठेवीन.

नाजनीन

भावाकडे आहे. रविवारी स्टेशनवर या, पण दुपारी देते असं मी म्हणणार नाही.