पेनड्राइव्ह एन्क्रिप्ट करताना

या चर्चेत वर कोणीतरी आधार-पॅनच्या स्कॅन कॉपीचं फोल्डर पेनड्राइव्हवर 'हिडन' करून ठेवा असं सुचवलंय. कृपया तसं करू नका. एक्सप्लोररमध्ये 'हिडन आयटम्स'वर टिक केली की सगळं समोर येतं.

वर व्हेराक्रिप्ट हे एन्क्रिप्शनचं, म्हणजे पासवर्डशिवाय फायली वाचता येणार नाहीत अशा करून ठेवणारं सॉफ्टवेअरही सुचवलंय; ती शिफारस मात्र अगदी योग्य. ट्रूक्रिप्ट या तशाच जुन्या सॉफ्टवेअरचं काम २०१४ मध्ये थांबलं, त्यानंतर माझा भरवसा व्हेराक्रिप्टवरच आहे. फक्त ते पोर्टेबल म्हणून, म्हणजे इन्स्टॉल न करता वापरलं तरी विंडोजवर त्याला ड्रायव्हर लोड करावा लागतो, म्हणजे अ‍ॅडमिन हक्क आले. ऑफिसच्या मशीनवर ते सहसा मिळत नाहीत आणि ऐन वेळी काम अडतं. तिथे बिटलॉकर टू गो, म्हणजे विंडोजमधलीच पेनड्राइव्ह एन्क्रिप्ट करायची सोय, बरं पडतं. एन्क्रिप्ट करायला विंडोज प्रो लागतं, पण असा ड्राइव्ह उघडायला होम आवृत्तीही चालते. सुरुवातीला बिटलॉकर विचारतो, फक्त वापरलेली जागा एन्क्रिप्ट करू की पूर्ण ड्राइव्ह? जुना ड्राइव्ह असेल तर वेळ लागला तरी पूर्णच करा, कारण डिलीट केलेल्या फायली मोकळ्या दिसणाऱ्या जागेत तशाच पडून असतात. पासवर्ड विसरलात तर ड्राइव्ह उघडायला लागणारी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर छापून घरी ठेवा.

आणि हो, झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर या ड्राइव्हचा पासवर्ड टाकूच नका. तिथे कीलॉगर (टाइप केलेलं सगळं गुपचूप नोंदवणारा प्रोग्राम) असेल तर एन्क्रिप्शनचा काही उपयोग नाही. प्रिंट काढायची तेवढीच फाइल दुसऱ्या साध्या पेनड्राइव्हवर न्या.