गोतोविना खटला: २०० मीटरची पट्टी आणि तोफेचा फैलाव

निवृत्त तोपची (धागाकर्ता)
काल दुसऱ्या एका धाग्यावर ‘खडीसाखर’ यांनी लिहिलं: “क्निनमध्ये लष्करी लक्ष्यापासून २०० मीटरच्या बाहेर पडलेला प्रत्येक गोळा नागरिकांवरच मारलेला होता. हेगच्या अपील कोर्टाने २०० मीटरचा नियम मोडीत काढून गोतोविनाला सोडलं, त्या दिवशी युद्धाचा कायदा मेला.” तिथे दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून हा वेगळा धागा. नवख्यांसाठी: क्निन हे क्रोएशियातल्या बंडखोर सर्बांचं मुख्य शहर, आणि गोतोविना ते परत घेणाऱ्या क्रोएशियन सैन्याचा जनरल. हेगच्या खालच्या कोर्टाने लष्करी लक्ष्यापासून २०० मीटरच्या आत पडलेला गोळा लक्ष्यावरचा धरला, बाहेरचा नागरिकांवरचा. ही ती पट्टी.

मी १३० मिमी तोफेवर १४ वर्षं काढली आहेत. देवळालीला शिकलो, पुढे वाळवंटात आणि डोंगरात ती चालवली. ४ ऑगस्ट १९९५ च्या पहाटे क्रोएशियन सैन्याने क्निनवर लावली ती हीच तोफ, सोबत १२२ मिमी रॉकेटं. हिचा पल्ला २७ किलोमीटरच्या आसपास. एकाच तोफेतून, त्याच चार्जने (गोळा फेकणाऱ्या दारूच्या मापाने), त्याच कोनात दहा राउंड मारले तरी दहा एका जागी पडत नाहीत. बॅरल झिजलेली असते, दारू सकाळी थंड आणि दुपारी तापलेली असते, वरचा वारा खालच्या वाऱ्यासारखा नसतो. फैलावही गोल नसतो, पल्ल्याच्या दिशेने लांबट पडतो.

मग २०० मीटरचं वर्तुळ आलं कुठून? खालच्या कोर्टाच्या १५ एप्रिल २०११ च्या निकालात याचं उत्तर नाही. तोफ असो की रॉकेट, जवळून असो की लांबून, सगळ्यांना एकच पट्टी. त्या पट्टीवर माणसाला २४ वर्षं दिली. हा कायदा नाही, अंदाज आहे. अपील कोर्टाने तो पुसला ते योग्यच केलं.

खडीसाखर
काका, तुमच्या नोकरीचा मान ठेवून लिहिते. क्निनवर दोन दिवसांत ९०० च्या वर गोळे पडले. गोतोविनाचा २ ऑगस्टचा आदेश वाचा: क्निन, बेन्कोवाच, ओब्रोवाच, ग्राचाच ही शहरं माऱ्याखाली घ्या. शहरं म्हटलंय, ठाणी किंवा दारूगोळ्याचे साठे नाही. त्यानंतर दीड-दोन लाख सर्ब ट्रॅक्टरवर संसार बांधून निघून गेले. एवढं असताना तुम्ही मला दारूचं तापमान सांगताय?

माझं आजोळ एका फायरिंग रेंजच्या कडेला आहे. मामेभाऊ नऊ वर्षांचा असताना भंगार म्हणून उचललेल्या तुकड्याने त्याची दोन बोटं गेली. ‘फैलाव’ हा शब्द ऐकला की मला त्याचा हात दिसतो. गोळा चुकून पडला असं सांगणारा माणूस नेहमी तोफेच्या मागे उभा असतो, पुढे नाही.

निवृत्त तोपची
मामेभावाचं ऐकून वाईट वाटलं, मनापासून. पण ताई, सरावाच्या रेंजवर न फुटलेला गोळा राहणं आणि शहरावर जाणूनबुजून मारा करणं या दोन गोष्टी एकत्र कालवू नका. आदेशाचं म्हणाल तर ‘शहर माऱ्याखाली घ्या’ ही आमची रोजची भाषा. वरच्या हेडक्वार्टरचा आदेश असाच असतो. नेमकी लक्ष्यं खाली बॅटरीपर्यंत, म्हणजे तोफांच्या तुकडीपर्यंत, येताना ठरतात.

काळा कोट
दोघेही अर्धवट बोलताय. १६ नोव्हेंबर २०१२ च्या अपिलाच्या निकालात २०० मीटरची पट्टी पुराव्याला धरून नव्हती, यावर पाचही न्यायाधीशांचं एकमत होतं. ‘३ विरुद्ध २’ सुरू होतं ते त्यापुढे. पट्टी गेली तरी बाकी पुराव्यावर मारा बेकायदा ठरतो का? न्यायाधीश मेरॉन आणि आणखी दोघे म्हणाले, नाही ठरत. उरलेले दोघे, आगियस आणि पोकार, म्हणाले, तो पुरावा पुन्हा नीट तोलायला हवा होता. त्यामुळे काका, तुमचा तोफेचा धडा बरोबर आहे, पण भांडण त्याच्या पुढच्या पानावर आहे.

आणि कोर्टाला तोफखाना कळत नाही हेही खरं नाही. क्रायिना म्हणजे क्रोएशियातला बंडखोर सर्बांच्या ताब्यातला भाग; तिथल्या सर्बांचा नेता मिलान मार्तिच याने मे १९९५ मध्ये झाग्रेबवर ओर्कान रॉकेटं सोडली. क्लस्टर वॉरहेड, म्हणजे हवेत फुटून अनेक छोटे बाँब विखुरणारं, कमाल पल्ल्याजवळून मारलेलं. ७ मेले, २०० हून जास्त जखमी. तिथे कोर्टाने हाच फैलाव तपासला आणि हे हत्यार या अंतरावरून शहरात नेमकं लक्ष्य गाठूच शकत नाही असं ठरवलं. मार्तिचला ३५ वर्षं झाली. म्हणजे फैलावाचं शास्त्र आरोपीला वाचवतं तसं अडकवतंही.

त्याच मार्तिचच्या क्निनमधल्या घरावर गोतोविनाच्या तोफांनी १२ गोळे मारले. लोकवस्तीतली इमारत. खालच्या कोर्टाने म्हटलं, प्रमाणबद्धतेचा भंग. वरच्याने म्हटलं, लष्करी फायदा किती होता हे तुम्ही मोजलंच नाही.

शब्दवेडा
माफ करा, पण ‘प्रमाणबद्धता’? प्रमाणबद्ध मूर्ती असते, चेहरा असतो. बारा गोळे प्रमाणबद्ध कसे असतील?

काळा कोट
मग काय म्हणू? ‘प्रमाणशीरता’ चालेल?

शब्दवेडा
तो तर स्वयंपाकातल्या मिठाचा शब्द वाटतो. ‘वाजवीपणा’ म्हणा. अपेक्षित फायद्याच्या मानाने नागरिकांची हानी वाजवी की अवाजवी, एवढंच ना?

काळा कोट
एवढंच नाही. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या प्रोटोकॉलमध्ये नुसतं ‘अवाजवी’ आहे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापन करणाऱ्या १९९८ च्या रोम कराराने शिक्षेसाठी ‘उघडउघड अवाजवी’ केलं. त्या एका शब्दामुळे कमांडरला किती मोकळीक मिळाली बघा.

खडीसाखर
आणि ‘आनुषंगिक हानी’ हा शब्द कोणी आणला? म्हातारी आपल्या परसात मेली आणि तुम्ही तिला आनुषंगिक म्हणणार? असले शब्द वापरले की माणसं मोजायची सवयच सुटते. मी हा शब्द वापरणार नाही. इथे कोणी वापरला तर उत्तरही देणार नाही.

शब्दवेडा
संस्कृत शब्द आला की लगेच माणुसकी गेली का? इंग्रजी शब्द वापरला तर ती परत येते?

खडीसाखर
तुम्हाला शब्द दिसतोय, मला म्हातारी दिसते आहे.

शब्दवेडा
बरं. ‘सोबत झालेली हानी’ म्हणा. माझा हट्ट नाही.

देशस्थ_परदेशस्थ
मूळ प्रश्न कोणी विचारतच नाही. या कोर्टांना अधिकार दिला कोणी? १९९८ ला रोममध्ये भारत तटस्थ राहिला. अण्वस्त्रं बंदीच्या हत्यारांत नाहीत आणि सुरक्षा परिषदेला खटले पाठवायचा-थांबवायचा अधिकार, ही आपली तक्रार होती. ती आजही खरी आहे. बडे देश स्वतः बाहेर आणि पिंजऱ्यात छोटे.

काळा कोट
गोतोविनाचा खटला रोम कराराच्या कोर्टात नव्हताच. युगोस्लाव्हियासाठी १९९३ मध्ये सुरक्षा परिषदेने नेमलेलं न्यायाधिकरण वेगळं. तुमचा राग समजतो, पण पत्ता चुकलाय. आणि भारताचा संबंधच हवा असेल तर तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे पहिले कमांडर ले. जनरल सतीश नंबियार मराठा लाइट इन्फंट्रीचे होते. क्निनचा भागही त्याच फौजेच्या देखरेखीखाली होता.

हेगमुक्कामी
इथे हेगला शिकायला असताना मी हे निकालपत्र आठवडाभर वाचत बसले होते. तोपची काका, एक विचारते. गन पोझिशनवर प्रत्येक राउंडची नोंद ठेवतात ना? लक्ष्य कोणतं, चार्ज कोणता, वेळ काय?

निवृत्त तोपची
ठेवतातच. ती नोंद नसेल तर त्या बॅटरीचं काही खरं नाही.

हेगमुक्कामी
सरकारी पक्षाने क्रोएशियाकडे तोफखान्याच्या त्याच डायऱ्या मागितल्या. वर्षानुवर्षं मागितल्या, पूर्ण कधी मिळाल्या नाहीत. म्हणून न्यायाधीशांना खड्ड्यांवरून उलटं मोजावं लागलं. मग २०० मीटर गेले, त्यावर उभा असलेला, सर्बांना कायमचं हाकलण्याच्या ‘संयुक्त गुन्हेगारी कटा’चा निष्कर्षही गेला, आणि त्याबरोबर बाकी सगळं. २५ ऑगस्ट १९९५ ला ग्रुबोरी गावात विशेष पोलिसांच्या कारवाईत म्हातारी माणसं मारली गेली. तिथे तोफ नव्हती, फैलाव नव्हता, वारा नव्हता. त्या पोलिसांचा प्रमुख मार्काच याच खटल्यात १८ वर्षांची शिक्षा झालेला आरोपी होता. तोही त्याच दिवशी सुटला.

निवृत्त तोपची
डायऱ्यांचं मला माहीत नव्हतं. हातात नोंद असून ती लपवली असेल तर तो तोपचीचा धर्म नाही. माझ्या बॅटरीत असं कोणी केलं असतं तर मी स्वतः त्याला पुढे उभं केलं असतं.

२०० मीटरबद्दल मी एक शब्दही मागे घेणार नाही. पण ग्रुबोरी वाचून गप्प झालो. खडीसाखर ताई, तुमच्या पोस्टमधला नियम चूक होता, राग चूक नव्हता. एवढं मान्य करतो. यापुढे मी तापमान ऐकवलं म्हणून टोमणा मारू नका.

खडीसाखर
नाही मारणार. पण डायऱ्या दिल्या नाहीत तर संशयाचा फायदा डायऱ्या दडवणाऱ्याला का, याचं उत्तर काळ्या कोटाकडून हवंय.

काळा कोट
पिंजऱ्यात गोतोविना होता, क्रोएशिया नव्हता. सरकारने कागद दिले नाहीत म्हणून आरोपीवर दोष ठेवता येत नाही. मला स्वतःला हे उत्तर आवडत नाही, पण दुसरं माझ्याकडे नाही.