झायलिटॉलने आईचं पोट बिघडलं, पण दातांसाठी ते हवंय. अनुभव सांगाल का?

मंडळी, मदत हवी आहे. आम्ही नागपूरचे, प्रताप नगरात राहतो. आई ६७ वर्षांची. बीपीच्या गोळ्यांनी तिचं तोंड कायम कोरडं असतं, वर्षभरात तीन दात हिरडीलगत किडले. डेंटिस्टनी झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरायचा एक गोड पदार्थ, सुचवलं. किडीचे जंतू साखरेपासून आम्ल बनवतात, यापासून त्यांना बनवता येत नाही. च्युइंगगम कवळीला चिकटतं, म्हणून मी पावडर आणली आणि साखरेऐवजी सरळ चहात घालायला लागले.

चहा तीनदा, दर वेळी दोन चमचे. चमच्याला ४ ग्रॅम धरले तरी दिवसाचे २४. चार दिवस तिचं पोट नुसतं गुबारत होतं, गडगडत होतं. रविवारी आमरसातही तेच घातलं आणि संध्याकाळपासून पाच-सहा जुलाब. बाहेर ४५ अंश, त्यात ती पार गळून गेली. रात्रभर चमच्या-चमच्याने ओआरएस पाजत बसले. आता बरी आहे, पण माझा जीव अजून थाऱ्यावर नाही.

मग वाचत बसले. झायलिटॉल लहान आतड्यात पूर्ण शोषलं जात नाही. उरलेलं पुढे जाऊन पाणी ओढतं आणि मोठ्या आतड्यातले जंतू त्याचा गॅस करतात. दातांसाठी मात्र दिवसाला ५-६ ग्रॅम पुरतात, तेही तीन-चारदा विभागून, तोंडात घोळवून. मी चौपट देत होते! शिवाय तिच्या शुगरफ्री खोकल्याच्या गोळ्यांत सॉर्बिटॉल (असाच साखरेऐवजीचा गोड पदार्थ) निघालं, त्याचाही पोटावर असाच परिणाम होतो.

सध्या सगळं बंद आहे. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना विचारून जेवणानंतर पाव चमचा तोंडात विरघळवून सुरू करायचा विचार आहे.

ज्यांच्या घरी वयस्कर माणसं हे घेतात त्यांना विचारते: हळूहळू वाढवल्यावर पोटाला सवय झाली का, किती दिवसांत? एरिथ्रिटॉल (हाही साखरेऐवजीचा गोड पदार्थ) बरंचसं शोषलं जाऊन लघवीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे पोटाला सोसतं म्हणतात. दातांसाठी ते कोणी वापरलंय का?

(घरात कुत्रा असेल तर झायलिटॉलचा डबा उंच ठेवा. थोडंसं खाल्लं तरी त्याची साखर एकदम उतरते, जीवावर बेतू शकतं.)

आई म्हणते, "दात गेले तर जाऊ दे, पण ती पावडर नको." तिला परत कसं तयार करू, तेही सांगा.